गाठ, शंका आणि अहवालाची वाट

पायात काटा रुतून जखम चिघळली, की दोन दिवसांत जांघेत दुखरी गाठ येते. जुन्या माणसांनी तिला ‘अवधाण’ असे नेमके नाव दिलेले आहे. जखम सुकली की अवधाण बसते, त्याला वेगळे औषध लागत नाही, हेही त्यांना अनुभवाने ठाऊक होते. मानेवर एकीला लागून एक अशा न दुखणाऱ्या गाठी आल्या आणि महिनोन्‌महिने बसेनात, तर तिला ‘गंडमाळ’ म्हणत. तिसऱ्या प्रकारच्या गाठीचे नाव मात्र घरात सहसा कोणी मोठ्याने घेत नसे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचे विवेचन एकाच अध्यायात आले आहे. बोटांना सारख्या लागणाऱ्या, पण स्वभावाने अगदी भिन्न असलेल्या या गाठी वेगळ्या कशा ओळखाव्यात, हा प्रश्न त्या काळच्या वैद्यांपुढेही होता.

आजच्या लेखात हाच प्रश्न एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींच्या संदर्भात पाहू. घरातील वडीलधाऱ्यांसाठी हा विषय परका आहे असे आपणांस वाटेल. तसे ते नाही. आपल्या देशात शासकीय केंद्रांतून एचआयव्हीची औषधे मोफत मिळू लागली ती १ एप्रिल २००४ पासून. त्या सुमारास पस्तिशी-चाळिशीत औषध सुरू केलेली आणि ते नियमाने घेतलेली माणसे आज साठीच्या आसपास आली आहेत. काही घरांत नातवाला गोळ्या देण्याचे काम आजी करते. अशा घरात मानेत किंवा काखेत गाठ दिसली, की दोन भित्या एकदम उभ्या राहतात: आजार पुन्हा उसळला की काय, आणि हा कर्करोग तर नव्हे?

प्रथम गाठ म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्या शरीरात शेकडो लसिकाग्रंथी आहेत. वेशीवरच्या चौकीप्रमाणे त्या आत शिरणाऱ्या जंतूंना अडवतात आणि चौकीवर झटापट झाली की सुजतात. एचआयव्हीचा विषाणू ज्या पेशींवर हल्ला करतो, त्या पेशींचे मोठे वसतिस्थान या ग्रंथींतच असते. किंबहुना हा विषाणू प्रथम सापडला तोच मानेतील एका सुजलेल्या गाठीत. १९८३ च्या जानेवारीत पॅरिसमधील एका रुग्णाच्या मानेतील ग्रंथीचा तुकडा पाश्चर संस्थेत पोहोचला आणि फ्रान्स्वाज बारे-सिनूसी व ल्यूक माँटेनिए यांच्या चमूने त्यातून विषाणू वेगळा केला. त्याला आरंभी दिलेल्या नावातही ग्रंथींच्या सुजेचाच उल्लेख होता. या शोधासाठी दोघांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणून एचआयव्ही असलेल्या व्यक्तीला गाठी येणे, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मानेच्या दोन्ही बाजूंना, काखांत, साधारण सारख्या आकाराच्या, न दुखणाऱ्या गाठी तीन महिन्यांहून अधिक काळ राहिल्या आणि ताप नाही, वजन घटत नाही, तर बहुधा ती विषाणूमुळे आलेली सूज असते. औषधोपचार नीट चालला की ती हळूहळू उतरते. अशा गाठींवर लक्ष ठेवणे पुरते. परंतु एकच गाठ इतरांहून वेगाने वाढू लागली, एकाच बाजूला वाढली किंवा तिच्यासोबत ताप आला, तर पुढचा विचार करावाच लागतो. तेथे आपल्या देशात सर्वांत वरचे नाव क्षयरोगाचे असते, म्हणजे जुन्या गंडमाळेचेच. त्याखालोखाल जे नाव विसरून चालत नाही ते लिम्फोमा, अर्थात लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे. एचआयव्ही असलेल्यांत या दोन्ही रोगांचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असतो. आणि क्वचित दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी होतात.

अडचण अशी, की क्षय आणि लिम्फोमा एकमेकांची सोंगे घेतात. संध्याकाळी चढणारा ताप, रात्री अंथरूण भिजवणारा घाम, सहा महिन्यांत दहावा हिस्सा वजन उतरणे, अन्नावरची वासना जाणे, ही लक्षणे दोहोंतही तीच. क्षयाच्या गाठी एकमेकींना चिकटून पुढे मऊ पडतात व फुटतात, लिम्फोमाच्या गाठी रबरासारख्या व सुट्या लागतात, असे पुस्तकात असते. प्रत्यक्षात रोगप्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसात हे नियम मोडतात. गाठ चाचपून ‘हा कॅन्सरच’ किंवा ‘ही टीबीच’ असे ठामपणे सांगणाऱ्याचा, मग तो पदवीधर असो वा गावातला जाणता, मला तरी भरवसा वाटत नाही. हा घोळ आजचाही नाही. व्हिएन्नाच्या कार्ल स्टर्नबर्ग यांनी १८९८ मध्ये हॉजकिनच्या रोगातील विशिष्ट पेशींचे वर्णन केले, तेव्हा त्यांना तो क्षयाचाच एक वेगळा प्रकार वाटला होता. सूक्ष्मदर्शकासमोर आयुष्य घालवलेला माणूस! १९०२ मध्ये अमेरिकेत डोरोथी रीड या तरुण डॉक्टर स्त्रीने हे दोन रोग निराळे असल्याचे दाखवून दिले.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. अक्कलकुवा आणि धडगाव हे तालुके सातपुड्याच्या कुशीत, नर्मदेकाठच्या काही पाड्यांपर्यंत दवाखाना बोटीतून न्यावा लागतो. दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी व मजुरीसाठी गुजरातेत उतरतात. २०२० पासून नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे, तरी सवयीने पुष्कळ रुग्ण सुरतेची गाडी धरतात, काही धुळ्याला जातात. परिणामी एका गाठीची तपासणी तीन गावांत विखुरते: सुई एका ठिकाणी टाकली, सोनोग्राफी दुसरीकडे, गोळ्या तिसरीकडून. कोणत्याच डॉक्टरला सगळे कागद एकत्र दिसत नाहीत.

समजा, तळोद्याच्या बाजूच्या अठ्ठावन्न वर्षांच्या एक बाई आहेत. दहा वर्षे त्या एचआयव्हीची औषधे घेत आहेत. मुलगा-सून ऊसतोडीला बारडोलीकडे. होळीच्या सुमारास त्यांच्या मानेत उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ दिसते. मुलगा सुरतेला नेतो, सुईने तपासणी होते आणि अहवालात शेवटी लिहिलेले असते की क्षयाची शक्यता आहे, मात्र लिम्फोमा नाकारता येत नाही. घरात ‘कॅन्सर निघाला’ अशी बातमी पोहोचते. जमीन गहाण टाकावी काय, याची चर्चा सुरू होते. कोणी म्हणते, या वयात कशाला हाल, घरी आणा. बाई स्वतः काही बोलत नाहीत.

येथे थोडे थांबून अहवालाची भाषा समजून घेऊ, कारण अर्धा अनर्थ तिच्यातूनच होतो. ‘सूचक’ असे लिहिले असेल तर पॅथॉलॉजिस्टला पुष्कळ खुणा दिसल्या, पण पुरावा पूर्ण नाही. ‘सुसंगत’ म्हणजे आपण सांगितलेल्या आजाराशी चित्र जुळते, परंतु दुसऱ्या आजाराशीही जुळू शकते. ‘नाकारता येत नाही’ याचा अर्थ ‘आहे’ असा अजिबात होत नाही. हाती आलेल्या थोड्या पेशींवरून ‘नाही’ असे म्हणण्याचे धाडस करता येत नाही, एवढाच होतो. ‘रिॲक्टिव्ह’ म्हणजे ग्रंथी चेतलेली आहे, रोग दिसला नाही. हा शब्द वाचून निश्चिंत व्हावे, पण गाठ वाढतच राहिली तर त्या निश्चिंतीला अर्थ उरत नाही. ‘नमुना अपुरा’ असेल तर तपासणी झालीच नाही असे समजावे. आणि ‘क्लिनिकल को-रिलेशन’ म्हणजे रुग्णाला प्रत्यक्ष पाहणाऱ्या डॉक्टरांनी हा कागद बाकीच्या माहितीशी ताडून पाहावा. तो कागद डॉक्टरांसाठी लिहिलेला असतो. औषधाच्या दुकानदाराकडून किंवा शिकलेल्या पुतण्याकडून त्याचा निकाल लावून घेऊ नये.

सुईने काढलेल्या नमुन्यात पेशी सुट्या येतात. क्षयाचे जंतू सापडण्यासाठी त्या बहुधा पुरतात. उलट लिम्फोमा ओळखायचा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याचा प्रकार ठरवायचा, तर पेशींची मांडणी दिसावी लागते. विटा पाहून वाड्याचा नकाशा कळत नाही, तसे हे आहे. त्यासाठी गाठ पूर्ण काढून, निदान चांगला मोठा तुकडा काढून बायोप्सी करावी लागते. ‘गाठीला चाकू लावला की कॅन्सर पसरतो’ ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. लसिकाग्रंथीच्या बायोप्सीबाबत ती निराधार आहे. मानेतील गाठ बहुधा तेवढाच भाग बधिर करून काढता येते आणि वय साठ-सत्तर असले तरी ती सोसवते. रुग्णाला सिकलसेलचा आजार असेल तर मात्र शस्त्रक्रियेआधी तो आवर्जून सांगावा. आपल्या जिल्ह्यात तो पुष्कळ घरांत आहे आणि सगळा अशक्तपणा त्याच्याच खात्यावर टाकण्याची सवयही आहे.

बायोप्सीच्या दिवशी सोबत असलेल्या माणसाने एक प्रश्न जरूर विचारावा: “डॉक्टरसाहेब, एक तुकडा सलाईनमध्येही ठेवणार ना?” कारण असे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. फॉर्मॅलिनमध्ये क्षयाचे जंतू मरतात, त्यांची वाढ प्रयोगशाळेत करता येत नाही. म्हणून सीबीनॅट आणि कल्चर या क्षयाच्या तपासण्यांसाठी वेगळा तुकडा साध्या सलाईनमध्ये, स्वतंत्र बाटलीत पाठवावा लागतो. गर्दीच्या रुग्णालयात दुसरी बाटली राहून जाते आणि महिनाभराने पुन्हा गाठ कापण्याची वेळ येते. सीबीनॅट यंत्र सुमारे दोन तासांत उत्तर देते आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही हेही सांगते. शासकीय क्षयरोग कार्यक्रमात ही तपासणी मोफत आहे. ती नकारार्थी आली म्हणून क्षय नाही असे मात्र ठरत नाही. कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात.

वाट पाहण्याच्या या दिवसांत काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. सर्वांत घातक म्हणजे ‘सूज उतरवण्याचे’ इंजेक्शन किंवा गोळ्या. त्यांत बहुधा स्टिरॉइड असते. स्टिरॉइडने लिम्फोमाची गाठ काही काळ विरघळल्यासारखी होते, घरच्यांना उतार पडला असे वाटते, आणि नंतर काढलेल्या तुकड्यात रोगाच्या खुणा सापडेनाशा होतात. गाठ पुढे दुप्पट जोमाने येते तेव्हा मोलाचे आठवडे गेलेले असतात. त्याचप्रमाणे लेव्होफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके मनाने घेऊ नयेत. ती क्षयाच्या जंतूंना अर्धवट दाबतात आणि निदान लांबवतात. भगताकडे, बडव्याकडे जाणाऱ्यांना मी कधी नावे ठेवीत नाही. आपल्या माणसांत बसल्याने मनाला धीर येतो. परंतु गाठीवर डाग देणे, बिब्बा लावणे, ती दाबून फोडणे हे होऊ देऊ नये. आणि एचआयव्हीच्या गोळ्या एक दिवसही बंद करू नयेत. ‘आधी गाठीचे बघू, मग त्या गोळ्यांचे’ असा क्रम घरोघरी लावला जातो. तो उलटतो.

कागद सगळे एका पिशवीत ठेवावेत. एआरटी केंद्राची हिरवी पुस्तिका त्यात असलीच पाहिजे. अनेकदा नव्या रुग्णालयात गेल्यावर कुटुंब ती लपवते. लाज वाटते, कोणी ओळखीचे भेटेल अशी धास्ती वाटते. ती धास्ती समजू शकते, पण एचआयव्ही आहे हे ठाऊक नसलेला पॅथॉलॉजिस्ट त्याच काचपट्टीवर वेगळे अनुमान काढू शकतो. प्रतिकारशक्ती खालावली असता क्षयाच्या ठरावीक खुणा पुसट होतात, हे त्याला लक्षात घ्यावे लागते. आपल्या देशात २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. त्यानुसार रुग्णाची ही माहिती गोपनीय राखणे बंधनकारक आहे आणि तिच्या आधारे उपचार नाकारणे हा बेकायदेशीर भेदभाव आहे. राष्ट्रीय मदतवाहिनी १०९७ या क्रमांकावर विनामूल्य माहिती मिळते. शेजाऱ्यांना सांगण्याचे मुळीच कारण नाही. पण शल्यचिकित्सकाला सांगायला हवे.

तळोद्याच्या त्या बाईंकडे परत येऊ. तुकड्यात क्षयाचे जंतू सापडले असे धरू. सहा महिन्यांचे औषध सुरू होते, पहिले दोन महिने चार औषधे व नंतर तीन. लघवी नारिंगी होते, त्याने घाबरू नये. एचआयव्हीसाठी डोलुटेग्रॅविर चालू असल्यास रिफाम्पिसिनमुळे त्याचा अंश कमी पडतो, म्हणून एआरटी केंद्रातून बारा तासांच्या अंतराने घ्यायची एक जादा गोळी दिली जाते. ती रात्रीची गोळी विसरण्याचे प्रमाण मोठे असते, तेव्हा सांभाळणाऱ्याने ती आपल्या जेवणाच्या वेळेशी बांधून घ्यावी. क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा बँक खात्यात रक्कम मिळते. नोव्हेंबर २०२४ पासून ती १००० रुपये झाली आहे. त्यातून अंडी, शेंगदाणे, डाळ यावी. तूर आपल्या मातीतलीच आहे.

आणि मग, महिन्या-दीड महिन्याने, गाठ मोठी होते. शेजारी आणखी एक फुगते. येथे पुष्कळ कुटुंबांचा धीर सुटतो: औषध लागू नाही, टीबी नव्हतीच, कॅन्सरच होता. वस्तुतः ग्रंथींच्या क्षयात औषध चालू असताना गाठ काही काळ वाढणे ही ओळखीची घटना आहे. मेलेल्या जंतूंवर शरीर प्रतिक्रिया देत असते. एचआयव्हीचे औषध नव्याने सुरू झाले असेल तर पहिल्या तीन महिन्यांत, जागी झालेली प्रतिकारशक्ती जुन्या जंतूंवर तुटून पडते आणि ताप, सूज, गाठ फुटणे असे प्रकार घडतात. भूक लागत असेल, वजन वाढत असेल, ताप उतरला असेल, तर एकट्या गाठीच्या आकारावरून निराश होऊ नये. औषध सोडणे ही या वेळची सर्वांत मोठी चूक ठरते.

परंतु याची दुसरी बाजूही तितकीच खरी. क्षयाचा पुरावा न मिळता केवळ अंदाजाने औषध सुरू केले असेल, आणि दीड-दोन महिन्यांत गाठ वाढते आहे, वजन उतरते आहे, घाम थांबत नाही, तर ‘कोर्स पूर्ण करू, मग पाहू’ असे म्हणत बसू नये. पुन्हा तुकडा काढण्याची मागणी आपण आदराने, पण ठामपणे करावी. जंतू औषधाला दाद न देणारा असेल, क्षयासोबत लिम्फोमाही असेल, किंवा पहिल्यापासून लिम्फोमाच असेल. एचआयव्हीतील काही लिम्फोमा फार वेगाने वाढतात, तेथे आठवडे मोजावे लागतात. रक्तातील सीडी-४ पेशी चांगल्या असल्या तरी हॉजकिन आणि बर्किट हे प्रकार होऊ शकतात, म्हणून ‘सीडी-४ उत्तम आहे, काळजी नाही’ या वाक्याने समाधान मानू नये.

लिम्फोमा निघालाच, तर काय? एके काळी एचआयव्ही असलेल्यांना केमोथेरपी सोसणार नाही असे मानून हात वर केले जात. आज तसे नाही. एचआयव्हीचे औषध चालू ठेवून, परस्परांना बाधणारी औषधे बदलून, पूर्ण बरे करण्याच्या उद्देशाने केमोथेरपी दिली जाते आणि अनेक जण बरे होतात. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करीत आहे. नंदुरबारहून तो प्रवास लांबचा आहे, राहण्याचा प्रश्न आहे, हे खरे. म्हणून निघण्यापूर्वी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसणारे जवळचे रुग्णालय कोणते, हे जिल्हा रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. ही योजना प्रामुख्याने राज्यातील अंगीकृत रुग्णालयांत चालते. आयुष्मान भारतचे कार्ड सुरतेसारख्या ठिकाणीही, तेथील अंगीकृत रुग्णालयांत, उपयोगी पडते. जमीन गहाण टाकण्याआधी हे दोन प्रश्न विचारून पाहावेत.

ज्येष्ठांसाठी एक गोष्ट जाता जाता. एचआयव्ही असो वा नसो, साठीनंतर मानेत नवी, कडक गाठ आली तर आरशासमोर उजेडात तोंड उघडून पाहावे. तंबाखू, मिसरी, गुटखा यांची सवय असलेल्याच्या गालात किंवा जिभेखाली न भरणारा व्रण असेल, तर गाठीचे मूळ तेथे असू शकते. गळपट्टीच्या हाडावर, विशेषतः डाव्या बाजूला आलेली गाठ पोटातील वा छातीतील कर्करोगाचीही खूण असते. ही गाठ ‘बघू’ म्हणून ठेवण्यासारखी नाही.

बाईंना काय सांगायचे, हा प्रश्न मात्र पॅथॉलॉजीच्या पुस्तकात नाही. त्यांच्यासमोर कुजबुजणे थांबवावे, हे पहिले. अहवाल अनिश्चित आहे, दुसरी तपासणी होणार आहे, ती अमुक दिवशी आहे, एवढे सरळ शब्दांत सांगता येते. माणसाला अनिश्चितता सोसते. आपल्यापासून काही लपवले जात आहे, हे सोसत नाही. तपासणी करून घ्यायची की नाही, हे त्यांनाच विचारावे. मुलगा कर्ता असेल, पण मान त्यांची आहे. आणि त्या “नको” म्हणाल्या, तर तो नकार दुखण्याच्या भीतीचा आहे, खर्चाच्या काळजीचा आहे की मुलाच्या मजुरीचे दिवस बुडतील या संकोचाचा, हे हळूच काढून घ्यावे. तीनही गोष्टींवर बहुधा उपाय असतो.

घरी एक छोटी वही ठेवावी. तीत दर रविवारी तारीख, वजन, संध्याकाळचा ताप आणि गाठीचा आकार लिहावा: हरभरा, बोर, सुपारी, लिंबू, जे माप घरात समजते ते. शक्य तर एकाच माणसाने गाठ चाचपावी, म्हणजे अंदाज बदलत नाही, आणि रोज उठून चाचपू नये. सारखे दाबल्यानेही ती दुखू लागते. ती वही हिरव्या पुस्तिकेसोबत पिशवीत टाकावी. उपचार संपल्यावरही हरभऱ्याएवढी कडक गाठ मागे राहू शकते. ती वाढत नसेल तर तो बहुधा भरून आलेल्या जखमेचा वण असतो. तिचीही नोंद त्याच वहीत, शेवटच्या पानावर, तारखेसह करून ठेवावी, म्हणजे दोन वर्षांनी एखाद्या नव्या डॉक्टरच्या बोटांना ती लागली, तर पहिल्यापासून सारे सांगावे लागणार नाही.